मदत हवी आहे: रीमॅपआधी ईसीयूचा बॅकअप, ओबीडीवरून आलेली फाइल पुरेशी आहे का?

टर्बोलॅग (धागाकर्ता)

गाडी फोक्सवॅगनची २.० टीडीआय कॉमन रेल. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बॉश ईडीसी१७ सी४६, टूल आतला प्रोसेसर टीसी१७६७ दाखवतं. स्टेज १ रीमॅप करायचा आहे, म्हणजे पार्ट न बदलता ईसीयूतले मॅप (इंधन, बूस्ट वगैरेंचे तक्ते) बदलायचे आहेत, पण त्याआधी मूळ ट्यून हातात हवा. ओबीडी सॉकेटला (गाडीतलं तपासणीचं सॉकेट) टूल लावून रीड मारला, वीसेक सेकंदांत २ एमबीची फाइल तयार झाली. इतक्या सहज झालं म्हणूनच शंका येतेय.

१. ही फाइल बॅकअप म्हणून धरायची का?
२. ईईप्रॉम (त्या गाडीपुरती माहिती ठेवणारी मेमरी) वेगळं घ्यावं लागतं का? ओबीडीच्या मेनूत तो पर्यायच नाही.
३. ईसीयूचं झाकण न उघडता पूर्ण बॅकअप मिळतो का?
४. फाइल बरोबर आहे हे आधीच कसं तपासायचं? नवीन मॅप टाकल्यावर कळून उपयोग नाही.

कॉमनरेल

तुमची शंका बरोबर आहे. ती फाइल तुमच्या ईसीयूतून आलेलीच नाही.

हिशेब करून बघा. ओबीडीवरचा कॅन (गाडीतल्या संगणकांना जोडणारी डेटा लाइन, म्हणजे बस) सेकंदाला ५०० किलोबिटचा. एक फ्रेम साधारण १२५ बिटांची धरली तर सेकंदाला फार तर ४००० फ्रेम, आणि प्रत्येकीत कामाचे ७ बाइट. म्हणजे सेकंदाला २८,००० बाइट, तेही बसवर दुसरं कोणी बोलत नसेल आणि ईसीयू क्षणभरही थांबत नसेल तर. २ एमबी म्हणजे २०,९७,१५२ बाइट. सव्वा मिनिटाच्या आत ते येऊच शकत नाहीत, प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळ लागतो. वीस सेकंदांत टूलने फक्त सॉफ्टवेअर नंबर विचारला आणि त्या नंबरची कंपनी फाइल आपल्या सर्व्हरवरून उतरवून दिली. याला व्हर्च्युअल रीड म्हणतात. ईडीसी१७ ओबीडीवरून लिहू देतो, कारण वर्कशॉपला अपडेट टाकता यायला हवं. वाचू मात्र बहुधा देत नाही. म्हणून टूलवाले ही पळवाट काढतात.

फाइल टाकाऊ नाही, ठेवा. गाडी आजवर कोणी छेडली नसेल तर मॅपपुरती ती मूळ फाइलच आहे. पण आधीच्या मालकाने रीमॅप केला असेल आणि सॉफ्टवेअर नंबर तोच ठेवला असेल, तर तुमच्या ईसीयूत एक आणि या फाइलीत दुसरंच. शिवाय डीफ्लॅश (डेटा फ्लॅश मेमरी) त्यात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. टीसी१७६७ मध्ये २ एमबी प्रोग्रॅम फ्लॅश आणि ६४ केबी डेटा फ्लॅश असते. वेगळी ईईप्रॉम चिप शोधू नका, तिचं काम ही डेटा फ्लॅशच करते. इमोबिलायझरचा (चोरीविरोधी लॉक) डेटा, चासी नंबर, इंजेक्टरचे कोड, डीपीएफची (धुराचा फिल्टर) काजळी आणि राखेचे आकडे, शिकलेल्या करेक्शन्स हे सगळं तिथे. ईसीयू उद्या मेला आणि दुसऱ्यावर क्लोन करायची वेळ आली तर दोन्ही भाग लागतात. नुसत्या फ्लॅशवर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडेल, इमोबिलायझर चालू देणार नाही.

सोल्डरगन

तिसऱ्याचं उत्तर: होय, बेंच मोड, म्हणजे ईसीयू गाडीतून काढून टेबलावर वेगळ्या सप्लायवर वाचायचा. झाकण उघडून बोर्डावरची बूट पिन ग्राउंड करायचे (बूट मोड) दिवस या ईसीयूसाठी गेले. झाकण सिलंटने चिकटवलेलं असतं, ते उचकटताना बोर्ड वाकतो, आणि परत नीट सील केलं नाही तर पहिल्या पावसात पाणी आत. अगदीच गरज पडली तरच उघडा.

क्रम असा ठेवा:

इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबा. चावी काढली म्हणून ईसीयू लगेच झोपत नाही, मेन रिले सुटेपर्यंत डीफ्लॅशमध्ये नोंदी लिहीत असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि त्यानंतरच ईसीयूचे कनेक्टर. काही गाड्यांत ईसीयूवर चोरीविरोधी पत्रा आणि डोकं तुटणारे बोल्ट असतात. ते खाच पाडून स्क्रूड्रायव्हरने काढावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

बेंचवर कायमची प्लस, इग्निशन प्लस, ग्राउंड, कॅन हाय, कॅन लो आणि सर्व्हिस मोडच्या वायरी. पिनआउट तुमच्या टूलच्या आकृतीतूनच घ्या, नेटवर फिरणाऱ्या फोटोतून नको. सारख्या दिसणाऱ्या कनेक्टरवर वेगळे पिन असतात. सप्लाय १२ ते १३.५ व्होल्ट, करंट लिमिट २ अँपिअर. नुसता जागा असलेला ईसीयू साधारण एका अँपिअरच्या आतच घेतो. चालू केल्या केल्या सप्लाय लिमिटला जाऊन बसला तर वायर चुकली आहे. लिमिट वाढवून बघायचा मोह आवरा.

आयडी नीट वाचली गेली की मगच रीड. फ्लॅश, डीफ्लॅश आणि टूल पासवर्डची फाइल देत असेल तर तीही. पासवर्ड हरवला तर पुढे बूट मोडमध्ये तो ईसीयू जिवंत करणं अवघड जातं, आणि ती फाइल लोक नेमकी डिलीट करतात कारण ती काही बाइटांचीच असते.

नटबोल्ट

टूल मास्टर (स्वतंत्र) आहे की स्लेव्ह (कुणाच्या तरी मास्टरला बांधलेलं)? स्लेव्ह असेल तर वरचं सगळं करूनही फाइल एन्क्रिप्टेडच निघेल. ती फक्त त्याच टूलवर आणि त्या मास्टरवाल्याच्या मर्जीवर चालते. त्याने धंदा बंद केला की तुमचा बॅकअप संपला.

ओळखायला सोपी युक्ती: फाइल झिप करा. खऱ्या फ्लॅश फाइलीत रिकाम्या जागांचे लांबच लांब पट्टे असतात, ती बऱ्यापैकी आटते. एन्क्रिप्टेड फाइल जेवढीच्या तेवढी राहते.

टर्बोलॅग

टूल मास्टर आहे, झिप केल्यावर फाइल निम्म्याहून कमी झाली. बेंचवर दोनदा रीड घेतला. फ्लॅशच्या दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या. डीफ्लॅशच्या मात्र नाहीत, एका ठिकाणी शंभरेक बाइटांचा फरक दिसतोय. रीड खराब आला का?

कॉमनरेल

नाही. दोन रीडच्या मध्ये इग्निशनची लाइन बंद-चालू केली असणार. तेवढ्यात ईसीयूचा स्वतःचा प्रोग्रॅम उठला आणि त्याने नोंद केली. डीफ्लॅशमध्ये जुनी नोंद पुसून नवी लिहीत नाहीत, पुढच्या रिकाम्या जागेत जोडत जातात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) बघा: पहिल्या फाइलीत जिथे रिकामं आहे तिथे दुसऱ्या फाइलीत डेटा आणि बाकी सगळं सारखं, असं असेल तर निर्धास्त राहा. फरक विखुरलेला असेल, इथे एक बाइट तिथे दोन, तर वायरी आणि ग्राउंड तपासून पुन्हा वाचा. फ्लॅशमध्ये मात्र एका बाइटाचाही फरक चालणार नाही.

आता तपासणी. आकार मोजा: २०,९७,१५२ बाइट आणि ६५,५३६ बाइट, कमी-जास्त नको. फाइलभर नुसतं एफएफ किंवा शून्य नाही ना, ते बघा. काही टूल रीड अडकला तरी उरलेली जागा भरून "यशस्वी" म्हणतात, त्यामुळे फाइलीचा शेवटचा भागही उघडून पाहा. मग मजकूर शोधा: ०२८१ ने सुरू होणारा बॉशचा हार्डवेअर नंबर (डिझेलचा ०२८१, पेट्रोलचा ०२६१), १०३७ ने सुरू होणारा सॉफ्टवेअर नंबर आणि ०३एल ९०६ ने सुरू होणारा फोक्सवॅगनचा पार्ट नंबर. हार्डवेअर नंबर स्टिकरशी जुळलाच पाहिजे. सॉफ्टवेअर नंबर नाही जुळला तरी दचकू नका; वर्कशॉपने अपडेट टाकलं की फाइल बदलते, स्टिकर तसंच राहतं.

आणि ती व्हर्च्युअल फाइल आता कामाला येईल. बेंच रीडशी ताडून बघा. मॅपच्या भागात सगळं सारखं असेल तर गाडी खरंच कंपनी ट्यूनवर आहे. टॉर्क लिमिटर, बूस्ट, रेल प्रेशरच्या मॅपमध्ये फरक दिसला तर आधी कोणीतरी हात मारलाय. मग त्यावर अजून स्टेज १ चढवण्याआधी विचार करा. बूट सेक्टरमध्ये फरक दिसला तर सोडून द्या, सर्व्हरच्या फाइलीत तो भाग बरेचदा अर्धवट असतो.

पिस्टनरिंग

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. ईसीयू गाडीत परत लावल्यावर, मॅप टाकण्याआधी साध्या ओबीडी स्कॅनरने मोड ०९ वाचा. ०४ वर कॅलिब्रेशन आयडी, ०६ वर सीव्हीएन. सीव्हीएन म्हणजे ईसीयूने स्वतः काढलेला आपल्या कॅलिब्रेशनचा (मॅपच्या भागाचा) चेकसम, म्हणजे बदल ओळखायचा आकडा. दोन्हींचा फोटो बॅकअपसोबत ठेवा. पुढे मूळ फाइल परत टाकलीत की सीव्हीएन पुन्हा तोच आला पाहिजे. तसंच सगळे फॉल्ट कोड आणि आयडलवरच्या इंजेक्टर करेक्शन्स नोंदवून ठेवा, म्हणजे नंतरची कुरकुर रीमॅपची की आधीचीच, यावर वाद होणार नाही.

माझं मत: मूळ फाइल ओबीडीवरून एकदा तशीच परत टाकून बघा. टूल लिहू शकतं का आणि चेकसम नीट लावतं का, हे नवीन मॅपआधीच कळतं.

सोल्डरगन

याला माझा विरोध. प्रत्येक राइट म्हणजे एक जोखीम आणि प्रोग्रॅमिंग काउंटर एकाने वाढतो. मूळ फाइल परत टाकली तरी तो काउंटर मागे जात नाही, वॉरंटीत वर्कशॉपला तो दिसतो. बेंच बॅकअप हातात आहे, मग ओबीडीची परीक्षा कशाला? राइट फसला तर बेंचवरून उठवता येईलच.

पिस्टनरिंग

काउंटरचं मान्य. गाडी वॉरंटीत असेल तर नका करू. पण मॅप टाकल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर दोष टूलचा की मॅपचा हे शोधण्यात जाणारा वेळ मी टाळेन.

टर्बोलॅग

वॉरंटी संपली आहे. शेवटचं विचारतो: सहा महिन्यांनी स्टॉकवर (कंपनी ट्यूनवर) यायचं ठरवलं तर फ्लॅश आणि डीफ्लॅश दोन्ही टाकायच्या का?

कॉमनरेल

फक्त फ्लॅश, आणि ओबीडीवरून टाकत असाल तर फक्त कॅलिब्रेशनचा भाग. डीफ्लॅशला हात लावू नका. मधल्या काळात इंजेक्टर बदलून नवे कोड टाकले असतील तर जुनी डीफ्लॅश ते कोड उडवून जुने आणेल. डीपीएफ बदलला असेल तर ईसीयू पुन्हा जुन्या राखेचा हिशेब धरून बसेल. डीफ्लॅश टाकायची वेळ दोनच: ती खराब झाली असेल तेव्हा, किंवा दुसऱ्या ईसीयूवर क्लोन करताना.

टाकण्याआधी सॉफ्टवेअर नंबर पुन्हा वाचा. मधे वर्कशॉपने अपडेट टाकलं असेल तर जुन्या बॅकअपचा नुसता कॅलिब्रेशनचा भाग नव्या प्रोग्रॅमवर बसणार नाही. मॅपचे पत्ते सरकलेले असतात, गाडी सुरूच होणार नाही. अशा वेळी एकतर पूर्ण फ्लॅश टाका, नाहीतर नव्या सॉफ्टवेअरचा नवा बॅकअप घ्या.

फाइलींची नावं "ओरिजिनल फायनल नवीन" अशी नकोत. चासी नंबरचे शेवटचे अंक, हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, बेंच की ओबीडी, तारीख, किलोमीटर. सोबत शा-२५६ हॅश (फाइल बदलली का ते सांगणारा ठसा) एका टेक्स्ट फाइलीत. विंडोजमध्ये सर्टयुटिलने निघतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर. मूळ फाइल रीड-ओन्ली करून ठेवा, मॅप एडिटरमध्ये नेहमी तिची कॉपी उघडा.

नटबोल्ट

आणि ओबीडीवरून राइट करताना बॅटरीला सपोर्ट सप्लाय लावा, १३ ते १३.८ व्होल्ट, निदान ३० अँपिअरचा. राइट चालू असताना रेडिएटरचा फॅन पूर्ण वेगाने सुरू होऊ शकतो आणि बॅटरी खाली खेचतो. साधा पल्स चार्जर चालणार नाही, त्याचा व्होल्टेज वर-खाली होतो. सॉकेटच्या १६ आणि ४ नंबर पिनवर इग्निशन चालू ठेवून मीटर लावा, १२.५ च्या खाली दिसलं तर राइट सुरूच करू नका. हेडलाइट, ब्लोअर बंद. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, अपडेट थांबवलेले, केबल थेट यूएसबीत, मधे हब नको. गाडीच्या डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे लागतील, ते चालतं. राइट संपल्यावर टूल सांगेल तेव्हाच इग्निशन बंद करा, मग सगळे फॉल्ट कोड पुसा.