पोत्यात भरून लांब सोडण्याआधी...

तळ्यातला साप मासे खातोय, काय करावं, असं एकाने विचारलंय आणि तो पोत्यात भरून लांब सोडावा, असं त्याला कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. भारतातल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे; पकडणं, सापळा लावणं, हुसकावणं हेही त्यात येतं. हेतू चांगला असला तरी. शिवाय अनोळखी जागी सोडलेला साप आसरा शोधत भटकतो आणि बऱ्याचदा जगत नाही.

विचारणाऱ्याने केलेल्या वर्णनावरून तो दिवड (पाण्यात राहणारा साप) वाटतो: अंगावर काळे चौकटीसारखे ठिपके, डोळ्यामागे आणि खाली तिरप्या काळ्या रेघा. बिनविषारी आहे, पण डिवचला तर मान चपटी करून नागासारखा पवित्रा घेतो आणि कडकडून चावतो. म्हणून ओळख पटली असं वाटलं तरी हात लावायचा नाही.

मासे वाचवायचे तर तळ्यावर ताठ चौकटीत बसवलेली बारीक भोकांची धातूची जाळी घाला. नायलॉनची सैल जाळी मात्र अजिबात नको! साप डोकं घालतो, खवल्यांमुळे त्याला मागे सरकता येत नाही, आणि धडपडीत धागा कातडीत रुततो. फार वाईट मरण आहे ते. अडकलेला दिसलाच तर ओढू नका, सावली करा आणि वनविभागाला कळवा. घरात शिरला तरी त्यांनाच बोलवा.

नुसताच पोहत असेल तर राहू द्या. बेडूक-मासे मिळेनासे झाले की तो आपणहून निघून जातो.