अहवाल लिहिणं म्हणजे कारकुनी नव्हे
एमएसडब्ल्यूचे (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी फील्डवर्कमध्ये नुसते फॉर्म भरतात, शिकत काहीच नाहीत, हे मत मला पटत नाही. बालन्याय कायदा, २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची सामाजिक तपासणी, म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, १५ दिवसांत पूर्ण करावी लागते. मूल घरी पाठवायचं की बालगृहात, हे ठरवताना बालकल्याण समितीची बरीच भिस्त त्या तपासणीच्या अहवालावर असते.

माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं आधी 'आई निष्काळजी' एवढंच लिहिलं होतं. पुन्हा घरी जाऊन आल्यावर लिहिलं: आई पहाटे ४ वाजता भाजी मार्केटला जाते, तेव्हा थोरली धाकट्याला सांभाळते, शेजारच्या मावशी लक्ष ठेवायला तयार आहेत. आता समितीला निर्णय घेता येतो! मात्र असे अहवाल पर्यवेक्षकानं दर आठवड्याला विद्यार्थ्यासोबत बसून वाचायला हवेत. बऱ्याच ठिकाणी फक्त सही होते, खरं दुखणं ते आहे.