ब्राउझरमधून ऑफिसचा मेल उघडतो, पण जुने आणि पाठवलेले मेल दिसत नाहीत

प्रश्न : हिशेबनीस, दांडिया बाजार, बडोदे

मी मकरपुरा जीआयडीसीतील एका लहान कारखान्याचे हिशेब पाहते. आईच्या शस्त्रक्रियेमुळे मला सध्या घरून काम करण्याची परवानगी मिळाली आहे. ऑफिसच्या संगणकावर मेलसाठी आउटलुक हा प्रोग्राम आहे. घरी मी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडते. लॉगिन विनातक्रार होते, परंतु इनबॉक्समध्ये जेमतेम दोन आठवड्यांचे मेल आहेत आणि ‘सेंट’ फोल्डर अगदी कोरा आहे. जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) येत्या ११ तारखेपर्यंत भरायचा आहे आणि गेल्या महिन्यात ग्राहकांना पाठवलेली दुरुस्त बिले त्याच फोल्डरमधून काढायची होती. माझ्या हातून मेल पुसले गेले असतील का?

उत्तर १ : मेल सर्व्हर सांभाळणारा, वाघोडिया रोड

ताई, तुमच्या हातून काहीही पुसले गेलेले नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की ऑफिसमधील आउटलुकमध्ये खाते ‘पीओपी’ पद्धतीने जोडलेले आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेतला जातो आणि सर्व्हरवरची प्रत किती दिवस ठेवायची हे आउटलुक ठरवते. तिथे ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ या पर्यायावर खूण सहसा आधीपासूनच केलेली असते. तुमचे दोन आठवडे तिथून आले. पीओपी फक्त आलेले मेल उतरवते, पाठवलेल्या मेलची प्रत ते सर्व्हरवर ठेवत नाही. ती त्या एका संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवते ती फाइल) राहते आणि ब्राउझर तर सर्व्हरवर जे आहे तेवढेच दाखवतो.

११ तारखेची निकड पाहता आज एवढेच करा : ऑफिसमधील विश्वासू सहकाऱ्याला तुमच्या संगणकावर बिलांचे मेल शोधून ते तुमच्याच ऑफिसच्या पत्त्यावर फॉरवर्ड करायला सांगा. ते तुम्हाला लगेच ब्राउझरमध्ये दिसतील. कायमचा उपाय म्हणजे खाते ‘आयमॅप’ने जोडणे, कारण त्यात सर्व फोल्डर सर्व्हरवरच राहतात आणि घरी व ऑफिसात एकच चित्र दिसते. सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९५ च्या जागी ९९३ येईल. बाकीचा तपशील तुमच्या होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे मेल सर्व्हर पुरवणाऱ्याकडून घ्यावा.

उत्तर २ : रावपुरा

वरील सल्ला योग्य आहे, पण क्रम चुकू देऊ नका, ही कळकळीची विनंती. जुने पीओपी खाते आधी काढू नये. आउटलुक पूर्ण बंद करून पीएसटी फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, मग आयमॅप खाते शेजारी जोडावे आणि जुने फोल्डर त्यात थोडे थोडे करून ओढावेत. त्याआधी मेलबॉक्सची मर्यादा विचारून घ्या. आमच्याकडे सहा वर्षांचे मेल एकदम चढवले, मेलबॉक्स भरला आणि ग्राहकांच्या ऑर्डरी दिवसभर परत जात राहिल्या. दुसऱ्या दिवशी एका ग्राहकाचा फोन आला तेव्हा आम्हाला ते कळले.

उत्तर ३ : मांडवी

घरचा संगणक इतरही वापरत असतील तर खासगी विंडोमध्येच वेबमेल उघडा, पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देऊ नका आणि काम संपताच लॉगआउट करा. उतरवलेली बिले ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये तशीच पडून राहतात, तीही काढावीत. सोय म्हणून सगळे मेल आपल्या खासगी पत्त्यावर वळवण्याचा मोह होतो. ग्राहकांचे जीएसटी क्रमांक आणि बँकेचे तपशील त्यात असतात, म्हणून तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस, दांडिया बाजार

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्याने सेटिंग उघडून पाहिले. १४ दिवसांची खूण तिथे होतीच. त्यांनी सात बिले फॉरवर्ड केली आणि ती मला मिळाली. आयमॅपचे काम मी कामावर रुजू झाल्यावर, पीएसटीची प्रत घेऊनच करेन. तोवर १४ दिवसांचा तो पर्याय बंद ठेवायला सांगितला आहे.