प्रतिसाद: अडाणीपणाचा प्रश्नच नाही

लोक अडाणी असतात म्हणून रोगाच्या साथीत तपासाला सहकार्य करत नाहीत, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

१९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नावाहो आदिवासींमधली धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून दगावू लागली. माध्यमांनी त्याला थेट 'नावाहो फ्लू' म्हणून टाकलं, पत्रकार अंत्यविधीतही घुसले. मग लोकांनी तोंड मिटून घेतलं, यात नवल ते काय?

त्यांच्याच समाजातल्या डॉक्टरांनी जाणत्यांना विचारलं तेव्हा कळलं, की पाऊस-बर्फ भरपूर झालं की पिन्यॉनच्या (तिथल्या एका पाइन झाडाच्या) बिया अमाप येतात, उंदीर माजतात आणि असा आजार येतो. म्हणून उंदीर घरात येऊ द्यायचा नाही, तो कपड्यांवरून गेला तर ते जाळायचे, ही जुनी शिकवण. प्रयोगशाळेच्या तपासातही निघाला तो हंताव्हायरस, उंदरांच्या मलमूत्रातून पसरणारा!

प्रत्येक पारंपरिक उपचार डोळे झाकून स्वीकारा, असं मी म्हणत नाही. ते तपासलेच पाहिजेत. पण पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणं निदान लिहून तरी घ्या. आणि त्यासाठी तपास पथकात त्या समाजातला माणूस पहिल्या दिवसापासून हवा, नुसता दुभाषा म्हणून नव्हे, तर प्रश्न ठरवतानासुद्धा.