शब्दचर्चा : 'कम्युनिस्ट विरोधी उमेदवार' म्हणजे नक्की कोण?

पाटीपेन्सिल :
रशियाच्या १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर लिहितेय, गेन्नादी झ्युगानोव यांच्या प्रचाराबद्दल. कम्युनिस्ट पक्षाचे, सत्तेबाहेरचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनना आव्हान देणारे. हे सगळं एका दमात कसं सांगायचं? 'कम्युनिस्ट विरोधी उमेदवार' असं लिहिलं की बरोबर उलटा अर्थ निघतोय असं वाटतं. सुचवा काहीतरी.

शेवगा :
उलटाच निघणार. 'भ्रष्टाचारविरोधी' म्हटल्यावर कोणी भ्रष्टाचारी आणि विरोधी असं नाही ना समजत. नियमाने जोडून लिहिलं 'कम्युनिस्टविरोधी' तर कम्युनिस्टांना विरोध करणारा, आणि सुटं लिहिलं तर कम्युनिस्ट असलेला विरोधी, पण हा नियम पाळतो कोण, मोबाइलवर टाइप करताना स्पेस कुठेही पडते आणि हेडलाइनमध्ये तर जागेप्रमाणे शब्द तोडतात. त्यात 'विरोधी उमेदवार' म्हणजे नुसता समोरचा उमेदवार असाही अर्थ आहेच, आपल्याकडे सरपंचाच्या निवडणुकीत तोच चालतो. म्हणजे येल्त्सिनसाठी झ्युगानोव विरोधी उमेदवार आणि झ्युगानोवसाठी येल्त्सिन.
आणि गंमत बघा, तुमच्या निवडणुकीत हे नुसतं व्याकरण नाहीये. येल्त्सिन यांचा अख्खा प्रचारच कम्युनिस्टविरोधी होता. १९९६ च्या सुरुवातीला त्यांची लोकप्रियता दहा टक्क्यांच्याही खाली होती, महागाईत लोकांच्या बचतीचं पाणी झालेलं, पगार महिनोन्महिने थकलेले, चेचन्यात युद्ध चालू. स्वतःच्या कामावर मतं मागायची सोयच नव्हती, मग भीती दाखवली की हे परत आले तर दुकानातल्या रांगा परत, छळछावण्या परत. 'ने दाय बोग' नावाचं रंगीत वर्तमानपत्र फुकट वाटलं, एक कोटी प्रती. नावाचा अर्थ साधारण 'देव करो नि तसं न होवो'. त्यामुळे तुमची हेडलाइन एका स्पेसच्या फरकाने झ्युगानोववरून येल्त्सिनवर जाते.

गिरणगावकर :
'साम्यवादी' लिहा की, 'साम्यवादी विरोधक'. प्रश्न मिटला.

शेवगा :
नाही मिटला, 'साम्यवादी विरोधक' म्हणजे साम्यवाद्यांचा विरोधक असंही कोणी वाचेल. आणि साम्यवादी हा पुस्तकातला शब्द आहे हो, बोलताना कोण म्हणतं? इथले पक्षसुद्धा स्वतःला भारतीय कम्युनिस्ट पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष म्हणवतात, साम्यवादी पक्ष नाही.

गिरणगावकर :
ते खरंय. आमच्या चाळीत तर कम्युनिस्ट पण नव्हते म्हणत, 'लाल बावटेवाले' म्हणायचे. पण झ्युगानोवना लाल बावटेवाला म्हटलं तर तो थेट गिरणीच्या गेटवरच दिसायला लागेल. हा माणूस मूळचा गणिताचा शिक्षक ना? सोलापूरकरांना सांगा, तिथल्या कम्युनिस्ट आडम मास्तरांसारखे झ्युगानोव मास्तर.

पाटीपेन्सिल :
मास्तर भारी आहे पण लेखात नाही घालता येणार. 'विरोधी पक्षाचे उमेदवार' हे कसं वाटतं?

उत्तरेचावारा :
इथे मला थोडं थांबवायचंय. 'विरोधी पक्ष' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर विधानसभा येते, संख्याबळ कमी म्हणून समोरच्या बाकांवर बसलेले, त्यांचा एक विरोधी पक्षनेता. रशियात उलटं होतं. डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत दुमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, ४५० पैकी १५७ जागा घेऊन कम्युनिस्ट सगळ्यात मोठा पक्ष झाले, जानेवारीत सभागृहाचे अध्यक्षही त्यांचेच सेलेझ्न्योव झाले. तरी ते विरोधक, कारण सरकार चालतं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने. सभागृह हातात आणि सत्ता नाही, याला आपल्याकडे तयार शब्दच नाही. म्हणून 'विरोधी पक्ष' न लिहिता नुसतं 'विरोधक' लिहावं, नाहीतर 'सत्तेबाहेरचे'. तुम्ही वर वापरलाय तो शब्द मला सगळ्यात आवडला.

पाटीपेन्सिल :
'डावे' चालेल का मग? छोटा शब्द आहे.

उत्तरेचावारा :
भारतात चालतो, झ्युगानोवना घट्ट होईल. त्यांच्या बोलण्यात मार्क्सपेक्षा मातृभूमी जास्त, बलाढ्य राज्य, रशियन संस्कृती, ऑर्थोडॉक्स चर्चबद्दलही आदराने बोलणार. लढले ते 'लोक-देशभक्त' शक्तींच्या आघाडीचे उमेदवार म्हणून. फेब्रुवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला जाऊन परदेशी गुंतवणूकदारांना समजावून आले की आम्ही काही भयंकर नाही. त्याचा उलट परिणाम असा की तिथेच हजर असलेले रशियन धनाढ्य घाबरले आणि आपापसातली भांडणं विसरून येल्त्सिनच्या मागे उभे राहिले. टीव्ही चॅनेल त्यांच्याच हातात, एनटीव्हीचे प्रमुख मालाशेन्को तर सरळ येल्त्सिनच्या प्रचारयंत्रणेत सामील. म्हणून झ्युगानोवच्या 'प्रचारा'बद्दल लिहिताना लक्षात ठेवा की तो जिल्ह्याजिल्ह्यात, सभा घेत, दारोदारी पत्रकं वाटत झाला, विशेषतः मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या 'लाल पट्ट्यात', म्हणजे कम्युनिस्टांना भरभरून मतं देणाऱ्या भागात. टीव्हीवर ते स्वतः कमी बोलले, त्यांच्याविषयीच जास्त बोललं गेलं.

काकू_नागपूर :
माझी शंका वेगळी. राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष? हिंदीत सगळ्यांना राष्ट्रपतीच म्हणतात.

शेवगा :
काकू, मराठीत भारताचे ते राष्ट्रपती आणि बाहेरचे ते अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष, ही वाटणी पेपरवाल्यांनी चांगली केलीये, मोडू नका. कामं पण वेगळी आहेत. आपल्याकडे राष्ट्रपतीपदाला कम्युनिस्टांनी लढवलेली लक्षात राहणारी उमेदवारी म्हणजे २००२ ची कॅप्टन लक्ष्मी सेहगल यांची, वयाच्या ८७ व्या वर्षी, समोर कलाम. पण मतदार फक्त खासदार-आमदार, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला, आणि काँग्रेससुद्धा कलामांच्या बाजूने. म्हणजे त्यांना 'विरोधी पक्षांच्या उमेदवार' म्हणणं चूक, 'डाव्यांच्या उमेदवार' हेच बरोबर. तिथे डावे शब्द नेमका बसतो.

काकू_नागपूर :
हो, आझाद हिंद सेनेच्या त्या. मला तर कम्युनिस्ट हे नंतर कळलं, आधी झाशी राणी रेजिमेंटच माहीत होती.

पाटीपेन्सिल :
अजून एक विचारते. १६ जूनला मतदान झालं, येल्त्सिन ३५ टक्के, झ्युगानोव ३२, म्हणून परत ३ जुलैला मतदान. याला 'फेरमतदान' लिहू का?

शेवगा :
नको! फेरमतदान म्हणजे बूथवर काहीतरी राडा झाला, यंत्र बंद पडलं, म्हणून तेच मतदान पुन्हा. इथे कोणालाच पन्नास टक्के मिळाले नाहीत म्हणून पहिल्या दोघांत सामना. 'दुसरी फेरी' लिहा, सरळ. मधल्या काळातच तर मजा झाली, तिसरे आलेले जनरल लेबेद यांना येल्त्सिननी दोन दिवसांत रशियाच्या सुरक्षा परिषदेचं सचिवपद देऊन टाकलं, आणि स्वतःला हृदयविकाराचा झटका आला तो लोकांपासून लपवला.

उत्तरेचावारा :
आणि निकालात एक तिसरा आकडा असतो तो विसरू नका. येल्त्सिन सुमारे ५४, झ्युगानोव ४० आणि जवळपास ५ टक्के 'सगळ्यांच्या विरोधात'. तेव्हा रशियन मतपत्रिकेवर तो पर्याय होता, २००६ मध्ये काढला. त्याला 'नोटा' लिहू नका, नोटा आपल्याकडे २०१३ नंतरचा शब्द, १९९६ च्या रशियात विचित्र वाटेल.

गिरणगावकर :
म्हणजे हे ५ टक्के खरे विरोधी मतदार. कम्युनिस्टविरोधी पण आणि विरोधकविरोधी पण.

पाटीपेन्सिल :
हा हा. ठीक, असं लिहिते : 'सत्तेबाहेर असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार झ्युगानोव यांनी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांना आव्हान दिलं.' लांब आहे पण उलटं कोणी वाचणार नाही.

काकू_नागपूर :
छान. ते झ्युगानोव की झ्युगानोव्ह गं?

उत्तरेचावारा :
रशियन माणूस म्हणतो तेव्हा शेवटी फ ऐकू येतो, झ्युगानफ. पण मराठीत ओव रूढ झालंय, राहू द्या.