मदत हवी आहे: शेळी अडून व्याली, पिल्लू सड तोंडात धरत नाही

रानजाई
पहाटेपासून जागी आहे, नीट लिहिलं नसेल तर सांभाळून घ्या. शेळी व्याली पण फार अडली होती, शेवटी शेजारच्या काकांनी हात घालून पिल्लू ओढून काढलं. जिवंत आहे पण सड तोंडात धरतच नाही, मी धरून दिला तरी सोडून देतं. शेळी पण उठत नाहीये. डॉक्टर दुसऱ्या केसवर आहेत, यायला संध्याकाळ होईल म्हणाले. तोपर्यंत काय देऊ ते लवकर सांगा.

माळावरचा
किती वाजता व्याली? कितवं वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली? एकच पिल्लू की पोटात अजून आहे? पिल्लाच्या तोंडात बोट घाला, आतून गरम लागतंय का गार? थर्मामीटर असेल तर दोघांचा ताप शेपटीखालून घ्या. हे कळल्याशिवाय काय द्यायचं ते कुणालाच सांगता येणार नाही.

बाटलीवाला
बाटलीने दूध पाजा ना. मी माझी सगळी करडं बाटलीवरच वाढवतो, आईखाली सोडतच नाही, कुठलं किती प्यालं ते बरोबर कळतं. गाईचं दूध कोमट करून दिवसातून 4 वेळा.

माळावरचा
अहो आज जन्मलेल्या पिल्लाला दूध काय, चीक पाहिजे चीक, व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळजवळ काहीच नसतं, शेळीच्या वारेतून (पोटात पिल्लाला पोसणारी, व्याल्यावर बाहेर पडते ती) ते पोचत नाही, जे काय मिळतं ते चिकातून. आतडंही ते पहिल्या काही तासांतच नीट घेतं, 24 तास गेले की मग कितीही पाजलं तरी उपयोग नाही.

बाटलीवाला
चीक पण बाटलीनेच पाजायचा असतो, माझं चुकीचं काय होतं? शेळीला नसेल तर गाईचा चीकही चालतो.

रानजाई
5 वाजता व्याली, आता 11 वाजलेत. दुसरं वेत. एकच आहे, काकांनी परत हात घालून बघितलं. पिल्लू 99 आलं आणि शेळी 100.2, ताप नाहीये म्हणजे चांगलंच ना? पिल्लाचं डोकं खूप सुजलंय, जीभ जाड होऊन बाहेर आलीये, हे लिहायचं राहिलं, मला वाटलं ओढल्यामुळे असेल.

जुना_हात
ताई हेच तर आधी सांगायला पाहिजे होतं. डोकं बाहेर आणि पाय आत दुमडलेला असा अडकला होता का?

रानजाई
हो हो. डोकं आणि एकच पाय बाहेर, दुसरा काकांनी आत ढकलून सरळ केला. डोकं पाऊण तास तरी तसंच बाहेर होतं.

जुना_हात
मग पिल्लाला प्यायचं नाही असं नाही, त्याला पिताच येत नाहीये. मान वाटेत आवळली जाते, डोक्यात गेलेलं रक्त परत फिरत नाही आणि तोंड जीभ सगळं सुजतं. जीभ सडाभोवती वळवता आली तर चोखणार ना. सूज एकदोन दिवसांत आपोआप उतरते, मी अशी 3 पिल्लं वाचवलीत, पण तेवढ्यात उपाशी राहून जातात. आणि 99 म्हणजे ताप नाही म्हणून खूश होऊ नका, करडाचं 102 च्या आसपास पाहिजे, ते गारठलंय. कोरडं करा, खोक्यात गोणपाट, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून. बल्ब लावलात तर उंच आणि पक्का टांगा, खाली गवत असतं, गोठा पेटतो. तोवर चीक काढून ठेवा, आधी सडातली खीळ, म्हणजे तोंडाशी अडकलेली गुठळी, मोकळी करा. वजन किती आहे?

रानजाई
काट्यावर 3 किलो भरलं. चीक आहे, पिवळा घट्ट.

जुना_हात
3 किलोला दिवसभरात 300 मिली, त्यातले निम्मे आत्ता दोनतीन तासांत थोडे थोडे करून. नळी असेल तर नळीने.

माळावरचा
पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाला नळी सांगू नका हो. चुकून श्वासनळीत गेली की संपलं.

जुना_हात
नाकापासून शेवटच्या फासळीपर्यंत मापून खूण करायची, डाव्या बाजूने हळू सरकवायची, अवघड काही नाही. उपाशी मरण्यापेक्षा बरं.

माळावरचा
शेजारी उभं राहून कुणी दाखवलं तर अवघड नाही, इथे वाचून नाही. ताई सुई काढलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूने 2-2 मिली सोडा, डोकं आभाळाकडे करू नका, गिळलं की मगच पुढचं. गिळतच नसेल तर अजिबात ओतू नका, ऊब देत रहा आणि डॉक्टरांना परत फोन लावा. 6 तास उपाशी आहे, त्याच्या अंगातली साखर संपत आलेली असणार, त्यामुळे गिळायला लागलं की नंतर बघू म्हणू नका.

चार_बोकड
बोकड कुठल्या जातीचा लावला होता? लहान चणीच्या शेळीला थोराड बोकड लावला की पिल्लू अडणारच. मी दर दोन वर्षांनी बोकड बदलतो.

माळावरचा
पाय दुमडलेला होता हो, बोकडाचा काय संबंध.

चार_बोकड
एकुलतं पिल्लू 3 किलोचं झालं, शेवटच्या दीड महिन्यात खुराक जास्त झाला असेल तरी होतं असं. पुढच्या वेळेसाठी सांगतोय.

सावली_ताई
सगळे पिल्लाकडे बघतायत, शेळीकडे कोण बघणार? कान गार आहेत का? मागचे पाय हलवते का? वार पडली का? नाळेला टिंचर आयोडीन लावलं का?

रानजाई
कान गार आहेत. एक मागचा पाय ओढते, दुसरा हलवते. वार अर्धी लोंबतेय. आयोडीन आत्ता लावलं.

बाटलीवाला
वारेला काहीतरी जड बांधा, वजनाने उतरते.

सावली_ताई
कृपा करून बांधू नका आणि ओढूही नका!! तुटून तुकडा आत राहतो, कधी गर्भाशयच बाहेर येतं. माझी एक शेळी मी अशीच घालवलीये, अजून वाईट वाटतं. 12 तासांपर्यंत वाट बघायची, तोवर आपोआप पडते बहुतेक वेळा. कान गार, 100 टेंपरेचर, उठत नाही, हे कॅल्शियम कमी पडल्यासारखं वाटतंय. पण शिरेतून स्वतः देऊ नका, भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पोती लावून छातीवर बसती ठेवा, नाहीतर पोट फुगतं. पाय ओढते ते ओढाताणीत नस दबल्याने असू शकतं, दर दोन तासांनी कूस बदला.

रानजाई
रात्रीचे 9. डॉक्टर येऊन गेले. कॅल्शियम हळूहळू दिलं, कानाला यंत्र लावून ठोके ऐकत ऐकत. आत हात घातला होता म्हणून अँटिबायोटिक, दुखण्याचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. तासाभरात शेळी उठली, पाय अजून ओढते पण उभी आहे. वार 4 वाजता आपोआप पडली. पिल्लाने सिरिंजने 140 मिली घेतलं, काळं चिकट शेण टाकलं, आता 101.6. पण शेळीजवळ नेलं तर हुंगते आणि ढुशी मारते!

जुना_हात
दिवसभर खोक्यात होतं, वास गेला अंगाचा. तिचाच चीक पिल्लाच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळा. तिचं डोकं धरून पाजा दर 3 तासांनी, रात्री मध्ये जाळी लावून जवळ ठेवा, एकमेकांना दिसले पाहिजेत.

चार_बोकड
लसीकरण केलं होतं का गाभण असताना? आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस व्यायच्या आधी महिनाभर दिली की चिकातून पिल्लाला मिळते.

रानजाई
सकाळी 7. जीभ आत गेलीये! डावा सड धरून स्वतः प्यालं, शेपटी हलवत. शेळीने चाटलंही थोडं. उजवा सड मात्र गरम आणि टणक लागतोय, हात लावू देत नाही.

सावली_ताई
उजव्याची पहिली धार काळ्या कपड्यावर काढून बघा, गाठी किंवा पाणी दिसतंय का? दिसलं तर त्या बाजूचं पिल्लाला पाजू नका, डॉक्टरांना आत्ताच कळवा, दगडी, म्हणजे कासेला सूज येण्याचा रोग, झाली तर कास जाते. शेळीचा ताप पण घ्या, किती आहे?

रानजाई
घेते.