प्रतिसाद: कॅप्चर जॉब रनिंग दिसला म्हणजे सीडीसी ठीक आहे का?

वर तुम्ही म्हणालात की एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणारी सेवा) कॅप्चर जॉब (ट्रान्झॅक्शन लॉगमधून बदल उचलणारं काम) रनिंग दिसतोय म्हणजे सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर, टेबलमधले बदल टिपून ठेवणारी सोय) ठीक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. जॉब चालू असूनही मागे पडलेला असू शकतो. लॉग स्कॅन सेशन्सचा डीएमव्ही (सर्व्हरची आतली स्थिती दाखवणारा व्ह्यू) बघा, त्यात लेटन्सी, म्हणजे बदल टिपायला लागलेला उशीर, सेकंदात मिळते, फक्त रिकाम्या स्कॅनच्या सेशनला ती 0 दिसते म्हणून ती सेशन्स सोडून द्यायची, आणि सेशन आयडी 0 ची ओळ म्हणजे इन्स्टन्स सुरू झाल्यापासूनची बेरीज, तिला एक सेशन समजू नका. एररसाठी वेगळा डीएमव्ही आहे. लॉग फाइल फुगत असेल तर लॉग रियूज वेटमध्ये (लॉगची जागा पुन्हा का वापरता येत नाही याचं कारण) रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं) दिसतंय का बघाच, रेप्लिकेशन लावलेलं नसलं तरी सीडीसीमुळे तेच येतं. क्लीनअपचा, म्हणजे टिपलेले जुने बदल पुसण्याआधी ठेवण्याचा, डिफॉल्ट 4320 मिनिटं, म्हणजे 3 दिवस, तुमचा वाचणारा प्रोसेस त्याहून जास्त बंद राहिला तर मधले बदल गेलेच समजा.